बेळगावात वाढल्यामुळे तुमच्या चित्रांत इतके भडक रंग आले का?

हो, पण 'दोन संस्कृतींचा मिलाफ' म्हणतात तसं काही नाही. ते प्रदर्शनाच्या पत्रिकेवर छापायला ठीक. आमच्या घरात काही मिसळलेलं नव्हतं, सगळं शेजारी शेजारी होतं. बाबा खानापूरकडचे, मराठी. आई बागलकोटकडची, कन्नड. बाबांच्या गावी तांबडी माती, अज्जीच्या गावी काळी. सुट्टीहून परतल्यावर माझ्या फ्रॉकवरूनच कळायचं कुठून आले ते.

रंग शिकले ते अज्जीच्या इरकली लुगड्यावरून. अंग मोरपिशी, पदर लालभडक, त्यावर टोप-तेनीची पांढरी नक्षी. (तेनी म्हणजे जोंधळ्याचं कणीस.) मोरपिशी आणि लाल यांच्यामध्ये समेट घडवणारा तिसरा रंगच नाही! ती झोपली की मी तो जोड नखाने चाचपायचे. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा. एकाच्या फासात दुसऱ्याचा धागा अडकवून पुढे विणतात. त्याला कोंडी म्हणतात. मराठीत कोंडीचा अर्थ काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. आम्हा सीमाभागवाल्यांना दोन्ही अर्थ लागू.

चित्रकला शिकताना एक सर सारखे सांगायचे, "जरा ग्रे घाल, डोळ्यांत खुपतंय." घातला. चित्रं एकदम सभ्य झाली. घरी आणली तर अज्जी म्हणाली, "पाण्यात पडली होती काय गं ही?" तेव्हापासून ग्रेची ट्यूब विकत घेतलेली नाही.

काळ्याचं मात्र वेगळं आहे. १ नोव्हेंबरला इथे कर्नाटक राज्योत्सवाचे पिवळे-तांबडे झेंडे लागतात, आणि १९५६ पासून मराठी माणसं तोच काळा दिवस म्हणून पाळतात. बाबा दंडाला काळी फीत बांधून निघायचे, मामा गळ्यात पिवळा-तांबडा शेला घालून यायचा. दोघांचा चहा एकाच ओट्यावर. आई मध्ये एक शब्द बोलायची नाही, फक्त साखर विचारायची. त्यामुळे काळा मला नुसत्या बाह्यरेषेला वापरवत नाही. तो चित्रात येतो तेव्हा माणूस आल्यासारखा येतो, आणि बहुतेक वेळा पिवळ्याला खेटूनच बसतो.

तैलरंगात हे करून बघणार असाल तर एक सांगते: आधी पिवळा पुरता वाळू द्या, कितीही दिवस लागोत. ओल्यावर काळा लावलात की दोन्हीचा मिळून शेवाळी चिखल होतो.