माजी सैनिकांचा कट्टा : ट्रंकेतली पावती आणि दोन ‘बोर्डं’

प्रश्न : माझे सासरे १९६३ मध्ये मराठा पलटणीत भरती झाले आणि सात वर्षांनी सुटून सोलापुरात आले. पेन्शन नव्हती, पुढं गिरणीत रखवालदारी केली. ते आता हयात नाहीत. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. सासऱ्यांच्या ट्रंकेत माजी सैनिक लीगच्या वर्गणीची पावती सापडली. ती घेऊन मी सैनिक कल्याण कार्यालयात गेले, तर ‘ही आमची नाही’ म्हणाले. मग ही संस्था कोणाची? सासूबाईंना काही मिळेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पावती खरी आहे आणि तुम्हाला मिळालेलं उत्तरही खरं आहे. लीग ही आपली, माजी सैनिकांची संघटना. सैनिक कल्याण कार्यालय हे सरकारी. सात रस्त्याला चहाला जमणारे आमचे निम्मे पेन्शनर दोन्हींना ‘बोर्ड’च म्हणतात, तिथं तुमचा काय दोष!

आधी जन्मलं ते सरकारी. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली, सत्तर हजारांवर परत आली नाहीत. जे आले त्यांत कुणाचा पाय गेलेला, कुणाचे डोळे. या सगळ्यांचं बघायला सप्टेंबर १९१९ मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ निघालं. मला विचाराल तर यात माया कमी, हिशेब जास्त. पुढची भरती त्याच गावांतून करायची होती. गेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही हे दिसल्यावर शेजारचा आपला पोरगा कशाला पाठवेल? पुढं त्या नावात नौदल, हवाई दल आलं आणि १९७५ पासून ते ‘केंद्रीय सैनिक बोर्ड’ झालं. वर संरक्षणमंत्री अध्यक्ष, राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात, जिल्ह्याच्या मंडळावर कलेक्टरसाहेब आणि रोजचं काम बघायला फौजेतून निवृत्त झालेला अधिकारी.

लीग निघाली १९६४ मध्ये, चीनच्या लढाईला दोनच वर्षं झाली होती. काढली जनरल करिअप्पांनी, म्हणजे आपल्या फौजेच्या पहिल्या भारतीय सरसेनापतींनी. ते १९५३ मध्येच निवृत्त झाले होते. सरकारी बोर्ड असताना ही आणखी कशाला, असं लोक विचारतात. अहो, बोर्ड सरकारचंच. ते सरकारविरुद्ध मोर्चा कसं काढणार? ‘वन रँक वन पेन्शन’साठी, म्हणजे हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी तर पेन्शनही सारखी या मागणीसाठी, २०१५ मध्ये माजी सैनिक जंतरमंतरवर महिनोन्‌महिने बसले, तिथं बोर्डाच्या पगारी माणसाला बसता येत नाही. भांडायला संघटना लागते, आणि अर्ज मंजूर करायला शिक्का लागतो. सासरेबुवांनी वर्गणी भरली ती भांडणासाठी. सासूबाईंचा अर्ज मात्र शिक्क्याच्या दारातच द्यायचा.

आता त्या अर्जाचं. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षं नोकरी लागते, म्हणून सासऱ्यांची पेन्शन बसली नसेल. पण हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला आणि त्याच्या विधवेला वय ६५ च्या पुढं असेल व दुसरं नियमित उत्पन्न नसेल, तर केंद्रीय बोर्डाची ‘पेन्युरी ग्रँट’, म्हणजे हलाखीत असलेल्यांसाठीची मदत, आहे. महिना ४,००० होती, नोव्हेंबर २०२५ पासून नव्या अर्जांना ८,००० केली आहे.

ट्रंकेत पुन्हा हात घाला. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळतं ते नोंदींचं पुस्तक, हवं. तळाच्या पत्र्याला चिकटलं असेल तर ओढू नका, पानं हातात येतात. त्यात डिस्चार्जचं कारण लिहिलेली ओळ असते. बाबू लोक बाकी पुस्तक नंतर बघतात, ती ओळ आधी. मुदत संपून सुटले की स्वतः मागून सुटले, यावर ‘माजी सैनिक’ ठरतात की नाही हे अवलंबून असतं. पुस्तक गेलंच असेल तर आर्मी नंबर शोधा, जुन्या पत्रांवर, मनिऑर्डरच्या कुपनांवर असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, नंबर दिला की ते कागद काढतात.

आणि नाव जुळवा. मी फौजेत क्लार्क होतो, सगळ्यात जास्त फायली इथंच अडलेल्या पाहिल्या. पुस्तकात ‘गंगूबाई’, आधारवर ‘गंगाबाई’, बँकेत माहेरचं आडनाव. तीनही कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर बघा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून न्या, म्हणजे खेटे वाचतील.

प्रश्न : ७ डिसेंबरला कॉलेजात छोटा झेंडा देऊन पैसे घेतात. ते जातात कुठं?
— एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : सशस्त्र सेना ध्वजदिन निधीत. १९४९ पासून ही तारीख आहे. झेंड्याचा लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिका निळा हवाई दलाचा. वेगवेगळे निधी होते, ते १९९३ मध्ये एकत्र केले. वर सांगितलेली ग्रँट, मुलांच्या शिक्षणाची आणि मुलींच्या लग्नाची मदत यातूनच जाते. जिल्ह्याला दरवर्षी संकलनाचं उद्दिष्ट मिळतं, म्हणून डिसेंबरात सगळ्या ऑफिसांत डबे फिरतात. सक्तीनं कापून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. पोरांना आधी सांगा, मग डबा पुढं करा. याच निधीतून पुण्याजवळ खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रालाही मदत होते. पाठीच्या कण्याला मार बसून कमरेखाली लुळे झालेले जवान १९७४ पासून तिथं राहतात. कॉलेजची सहल पुण्याला निघाली तर आधी परवानगी काढून तिथं जाऊन या.