कोन सोडू नको

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे सुलेखनाचे कागद इथेच राहिले. त्यातली इंग्रजी पानं चांगली आहेत, अगदी कुणालाही दाखवावीत अशी. मराठी पानांबद्दल तूच म्हणालीस, "काका, अक्षर नीट येतं, पण मराठी वाटत नाही." हे तुला स्वतःहून दिसलं याचा मला फार आनंद झाला. पुढे जे बोललीस त्याचा मात्र नाही. डावखुऱ्या माणसाच्या हाती कट निब, म्हणजे रुंद सपाट तोंडाची निब, शोभत नाही असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आता हे सोडावं, की डावखुऱ्यांचाच आणखी एक पेन घ्यावा, की दोन वर्षं फक्त रोमन, म्हणजे इंग्रजी अक्षरांचं वळण, पक्कं करावं? यातलं काहीच करायचं नाही. तुझ्या निबेचा कोन, म्हणजे तिची धार ओळीशी जो कोन करते तो, उलटा पडतोय, दुसरं काही झालेलं नाही. त्या दिवशी हे बोलायला गेलो तर तू घड्याळाकडे बघत होतीस, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

कोरा कागद घे आणि तुझ्या त्या पेनाने एक मोठी फुली काढ. दोन रेघांपैकी एक जाड येईल, एक केसासारखी. वर डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी रेघ जाड आली, तर तो रोमनचा कोन. इंग्रजीतला मोठा व्ही याच कोनात लिहितात, म्हणून त्याची पहिली रेघ जाड आणि दुसरी बारीक. देवनागरीत हे बरोबर उलटं असतं. वर उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ भरीव, आणि दुसरी नाजूक. आता तुझ्या पानावरचा 'ठ' बघ. त्याच्या वाटोळ्याचं वजन खाली डावीकडे आणि वर उजवीकडे गेलंय. तो इंग्रजी ओ झालाय, त्याला वरून दांडी आणि शिरोरेघ लावलीस एवढंच. देवनागरी कोनात तेच वजन वर डावीकडे आणि खाली उजवीकडे येतं. सांगाडा तोच, वळण तेच, तरी अक्षर परकं दिसतं, कारण निबेची धार दुसऱ्याच दिशेला झोपलेली आहे.

हे झालं कसं? डावखुऱ्यांसाठी म्हणून जी निब विकतात, तिचं तोंड तिरकं छाटलेलं असतं. डाव्या हाताला रोमनचा कोन मिळावा म्हणून ती सोय केलेली आहे. रोमनसाठी ती उत्तम आहे. तू त्याच निबेने मराठी लिहायला बसलीस आणि दोष हाताला दिलास.

आता नीट वाच. साधी, सरळ तोंडाची कट निब घे. डाव्या हातात धर, मनगट ओळीच्या खाली राहू दे, कागद सरळ ठेव. निबेची धार आपोआप वर डावीकडून खाली उजवीकडे पडेल. देवनागरीला हाच कोन हवा असतो. उजव्या हाताच्या माणसाला हा कोन असाच मिळत नाही. त्याला बोरू उलट्या बाजूने तिरका छाटावा लागतो, निब घासून घ्यावी लागते, कागद वाकडा करून कोपर बरगडीशी आवळावं लागतं. मी पॉलिश पेपरवर किती निबा घासून वाया घालवल्या त्याचा हिशेब नाही. त्या काळात मला कुणी फुली काढून दाखवली असती तर माझी उमेदीची वर्षं वाचली असती. विचारायला माणूस नव्हता, ही खंत अजून जात नाही. तुझ्याकडे विचारायला माणूस आहे, हातही तयार आहे, आणि तू सोडायची भाषा करतेस.

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. शाई पुसली जाऊ नये म्हणून बरेच डावखुरे हात ओळीच्या वरून वाकवून लिहितात. तसं केलंस की धार फिरते आणि पुन्हा रोमनचा कोन येतो. मनगट खालीच पाहिजे. शिरोरेघ डावीकडून उजवीकडे ओढताना तुझ्या हाताला निब ढकलावी लागते, ती कागदात रुतते, मध्येच शाई तुटते, हे मी तुझ्या पानावर पाहिलंय. मग उजवीकडून डावीकडे ओढ. शाळेत काय शिकवलं ते विसर. रेघ कुठून आली ते कागदाला कळत नाही, पण ती कुठल्या कोनात आली ते लगेच कळतं. दिशा बदल, क्रम बदल, कोन सोडू नको.

कोन किती? पंचेचाळीस अंश. त्यासाठी कोनमापक काढून बसू नको. अधिकचं चिन्ह काढ. उभी आणि आडवी रेघ सारख्या जाडीच्या आल्या की पंचेचाळीस. आडवी जाड आली तर धार फार उभी झालीय, उभी जाड आली तर फार आडवी पडलीय. 2.4 मिमीची निब असेल तर दोन्ही रेघा साधारण 1.7 मिमीच्या येतील. पायलट पॅरलल नावाच्या पेनात 1.5, 2.4, 3.8 आणि 6.0 अशा निबा मिळतात, दोन सपाट पत्र्यांच्या मधून शाई उतरते, आणि तोंड सरळच असतं. तू 2.4 घे. त्याहून बारीक निबेत चुका लपतात, आणि तुझ्या चुका मला दिसायला हव्यात. उंची मी शिरोरेघेपासून पायापर्यंत निबेच्या रुंदीच्या पाचपट धरतो, म्हणजे 12 मिमी. निबेच्या रुंदीचे पाच ठिपके एकावर एक ठेवून जिना काढ आणि त्यावरून ओळी आख.

तू जे व्हिडिओ बघतेस ते खोटे नाहीत. त्यातली परंपरा एडवर्ड जॉन्स्टन या माणसाची. त्याने लंडनमध्ये जुनी हस्तलिखितं पाहून पाहून रुंद निबेचं लेखन पुन्हा जिवंत केलं, 1899 पासून शिकवलं आणि 1906 साली पुस्तक लिहिलं. त्याच्या पायाभूत वळणात निब तीस अंशांवर आणि अक्षराची उंची निबेच्या रुंदीच्या चौपट. सगळं बरोबर आहे, पण ते रोमनसाठी आहे. त्याने आपल्या अक्षरांचा कोन जुन्या पोथ्यांतून शोधला. आपण आपला शोधायचा सोडून त्याचाच उचलायचा, हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही. आपल्याकडे समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास लिहिला आहे. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावं, सगळं एकाच टाकाने, म्हणजे एकाच लेखणीने, लिहिलंय असं वाटावं, असं त्यात मागितलं आहे. कोन हलला की ते होत नाही. नवा टाक घेऊनही होत नाही.

तू विचारलंस, फॉन्ट असताना हाताने का लिहायचं? या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. ऑफिसा-ऑफिसात ज्या मंगल फॉन्टमध्ये अर्ज टाइप होतात, तो र. कृ. जोशींनी केला. 1936 ते 2008 इतकं आयुष्य लाभलेला हा माणूस आधी सुलेखनकार होता. हात होता म्हणून फॉन्ट झाला.

मी तुला हट्टी वाटतो, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. आहे मी हट्टी, आणि त्याचं कारण तुला सांगायला हवं. मानपत्रं लिहून माझं घर चालायचं. निवृत्तीची, अमृतमहोत्सवाची, शाळांच्या वर्धापनदिनाची. नागपुरातल्या महालातून, इतवारीतून लोक मजकूर घेऊन यायचे. एकदा इथल्याच एका संस्थेचे लोक छापील नमुना घेऊन आले. अक्षरं देवनागरी, पण कोन रोमनचा, आणि सगळी उजवीकडे कललेली. "आजकाल असंच चालतं, असंच द्या." मी म्हटलं, मजकूर तुमचा, कागद तुमचा, अक्षर माझं. ते उठून गेले. काम फ्लेक्सवाल्याकडे गेलं, आणि पुढे तशी बरीच कामं त्याच वाटेने गेली. याची झळ तुझ्या काकूला बसली. शिकवण्या घेऊन तिने घर ओढलं, आणि त्या दिवसांत संध्याकाळी तिच्याकडे बघवत नसे. त्याचं मला वाईट वाटतं, आजही वाटतं. पण मी ते काम घेतलं असतं तर दुसरं घेतलं असतं, मग तिसरं, आणि आज तुझा 'ठ' बघून त्यात काय बिघडलंय ते मला सांगता आलं नसतं. डोळा असाच मरतो, एकेका सवलतीने. लोक म्हणाले, एवढ्या तेवढ्या कोनासाठी गिऱ्हाईक घालवलं. त्यांना तो कोन दिसत नव्हता. मला दिसत होता, मग मी कसा लिहिणार?

तुलाही असं कुणीतरी सांगेल. लग्नपत्रिकेवर जरा गिरक्या मार, वेलांटीला शेपूट काढ, लाइक्स येतील. गिरक्यांशी माझं भांडण नाही. वेलांटीची कमान नाचली तर नाचू दे, पण ती त्याच धारेतून नाचली पाहिजे. निब फिरवून जाडी आणलीस की मी ओळखेन. तू स्वतःही ओळखशील, आणि मग ते पान तुलाच बघवणार नाही.

एक दिवस रामटेकला जाऊन ये. गड चढून केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटक राजांच्या काळातला शिलालेख आहे, तो शांतपणे बघ. वाकाटकांचे ताम्रपट ज्या लिपीत कोरलेत तिला पेटिकाशीर्ष ब्राह्मी म्हणतात. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर छोटी चौकोनी पेटी असते. आपल्या विदर्भातलं, दीड हजार वर्षांपूर्वीचं काम. नागपूरचे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी या लेखांचा अख्खा खंड संपादित केला, तो 1963 साली निघाला. त्यातले ठसे ग्रंथालयात बसून भिंगाखाली बघ. तांब्यावर छिन्नीने पेटी कोरणं म्हणजे केवढा व्याप, आणि तरी ओळीमागून ओळ पेटी येतच राहते. त्या कोरक्यांनाही कुणीतरी म्हटलं असेल, एवढ्याने काय बिघडतं. आपण याच मातीत लिहितो आहोत, आणि तू मला सांगतेस की आठवडाभर एकच अक्षर गिरवायचा कंटाळा येतो!

रागावलो नाही. रागावलो असतो तर पत्र लिहिलं नसतं.

आता करायचं काय? शब्द लिहू नको. श्लोक, सुविचार, स्वतःचं नाव, काही नको. रोज बसलीस की आधी अधिक आणि फुली, मगच अक्षर. पहिले काही दिवस फक्त दांडी, तिरकी रेघ आणि वाटोळं. मग 'ठ'. मग 'व', कारण 'व' जमला की 'ब' आणि 'क' त्याच पोटातून निघतात. तुला 'ळ' आवडतो हे मला माहीत आहे, पण तो सगळ्यात शेवटी. दोन वाटोळी शेजारी शेजारी येतात, आणि कोन जरासा जरी हलला तरी एक जड आणि एक हलकं होऊन पूर्ण अक्षर लंगडतं. तू मला 'ळ'ची जी पानं दाखवलीस, त्यात पहिल्या ओळीत कोन एकसारखा आहे, चौथ्या ओळीत नाही. हात दमला की मनगट वर सरकतं. तिथे पेन खाली ठेवायचा. दमलेल्या हाताने भरलेलं पान म्हणजे चुकीच्या कोनाचा सराव, आणि तो सराव फार लवकर पक्का होतो.

तुझा तो डावखुऱ्यांचा पेन टाकून देऊ नको. त्याने रोमन लिहीत जा, तिथे तो हक्काचा आहे. एका बैठकीत मात्र एकच पेन. सकाळी मराठी, संध्याकाळी इंग्रजी, अशी वाटणी केलीस तर हाताचा गोंधळ होणार नाही.

पुढच्या रविवारी ये. 'ठ'ची पानं आण, चांगली निवडून नको, सगळी आण. तारीख घालून, क्रमाने. बर्डीवरून येताना कागद घेशील तर शंभर जीएसएमचा गुळगुळीत बाँड घे. वहीच्या कागदावर शाई फुटते आणि रेघेची कड दिसत नाही. कड दिसली नाही तर कोन कसा तपासणार?

काकूने तुला जेवायलाच बोलावलंय, त्यामुळे घड्याळ घरी ठेवून ये.

तुझा,
काका

ता. क. पेनात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चुकूनही भरू नको. तिच्यात लाख असते, ती फीडमध्ये, म्हणजे निबेला शाई पोचवणाऱ्या भागात, वाळून बसते आणि मग निघता निघत नाही. साधी फाउंटन पेनचीच शाई घाल. आणि आता मे लागलाय, तर कूलरच्या झोतासमोर बसून लिहू नको. कागद ओल धरतो, कडा वर येतात, शाई पसरते. कूलर बंद केलास तर टोपण उघडं ठेवू नको, आपल्या उन्हाळ्यात निब बघता बघता कोरडी पडते. सकाळी सहाला उठून लिही. तेव्हा हातही थंड असतो आणि कागदही.