बायोप्सी नॉर्मल, पण गाठ?

प्रश्न : आईचं वय ५८. आठ महिन्यांपासून दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं. पँटोप्राझोलने (ॲसिडिटीची गोळी) तेवढ्यापुरतं बरं वाटतं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं म्हणून एंडोस्कोपी केली. जठरात ४ सें.मी.चा फुगवटा दिसला, बायोप्सीत मात्र ‘जठराला सूज’ एवढंच आलं. आता निर्धास्त राहावं का? – वाचक, सातारा

उत्तर : नाही. त्या अहवालाने गाठीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. चिमट्यात येतो तो वरच्या अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा. अशी गाठ बहुधा अस्तराखाली, स्नायूच्या थरात असते. तिथल्या गाठींत ‘जिस्ट’ (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, पचनमार्गाच्या भिंतीतली, कर्करोगासारखी पसरू शकणारी गाठ) ही सर्वांत नेहमीची, पण लायोमायोमासारखी कर्करोग नसलेली साधी गाठही असू शकते. जिस्टवरचं अस्तर झिजून थोडं थोडं रक्त जात राहतं, रक्त कमी होण्याचं कारण तेच असू शकतं. शौच डांबरासारखी काळी, चिकट होते का, हे आईंना नीट विचारा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तशी चिकट आणि उग्र वासाची नसते. चक्कर येऊन काळी शौच झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पुढची पायरी पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन, म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेला. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. मग एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून, लागलं तर आतूनच सुईने नमुना. त्यावर सीडी ११७ आणि डॉग-१ या तपासण्या मागा, जिस्टची ओळख त्यांवरून पटते. सीटीत चित्र स्पष्ट असेल आणि गाठ सहज निघण्याजोगी असेल, तर सर्जन नमुना न घेता थेट शस्त्रक्रिया सुचवतात. त्यात चूक नाही.

शस्त्रक्रियेत जठराचा तेवढाच भाग काढतात. जिस्ट सहसा लसिकाग्रंथींत पसरत नाही, त्यामुळे त्या सरसकट काढाव्या लागत नाहीत. मात्र गाठ फुटता कामा नये. फुटली तर पेशी पोटात सांडतात आणि आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो. म्हणून अशा गाठी हाताळलेला सर्जन निवडा.

नंतरच्या अहवालात गाठीचा आकार, ५ चौरस मि.मी.त विभागणाऱ्या पेशी किती, कडा स्वच्छ आहेत का, हे हवंच. जठरातली ४ सें.मी.ची गाठ आणि विभागणाऱ्या पेशी ५ पर्यंत, तर धोका फार कमी, नंतर औषधाची गोळी सहसा लागत नाही. धोका जास्त असल्यास इमॅटिनिब (जिस्ट उलटू नये म्हणून देतात ती गोळी) रोज ४०० मि.ग्रॅ., निदान ३ वर्षं. त्याआधी जनुकीय तपासणी करून घ्या. पीडीजीएफआरए जनुकात डी८४२व्ही बदल असेल, तर ही गोळी उपयोगी पडत नाही आणि पैसे व वेळ दोन्ही वाया जातात.

प्रश्न : वडिलांना इमॅटिनिबने सकाळी डोळ्यांखाली सूज येते. गोळी थांबवू का? – वाचक, नांदेड

उत्तर : परस्पर थांबवू नका. ही सूज नेहमीची आहे, पिंडऱ्यांत गोळेही येतात. वजन एकदम वाढलं किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टरांना कळवा. गोळी जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी; रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. ग्रेपफ्रूट टाळा. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नका. खर्चामुळे गोळ्या एकाआड एक देणारी घरं असतात, तसं कधीही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिव्हेकचं (इमॅटिनिबचं मूळ कंपनीचं नाव) पेटंट नाकारलं, त्यामुळे भारतात जेनेरिक इमॅटिनिब मिळतं. डॉक्टरांकडून तेच लिहून घ्या.