'खरं सांग, कोण होता?' असं नवरा विचारतो

प्रश्न: ताई, माझं वय ३८, लग्नाला १५ वर्षं झाली. गावातल्या शिबिरात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली, एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं. हा विषाणू संबंधातून येतो हे मोबाइलवर वाचल्यापासून नवरा एकच विचारतो, 'खरं सांग, कोण होता?' माझ्या आयुष्यात दुसरं कुणीच नाही. मला कॅन्सर होणार का? मुलगी ११ वर्षांची आहे.

उत्तर: आधी नवऱ्याचं बघू, कारण तुझी झोप त्यानंच उडवली आहे. विषाणू आज शरीरात आहे, एवढंच हा रिपोर्ट सांगतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे त्यावरून कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. एचपीव्ही वर्षानुवर्षं मुकाट राहतो. दुखत नाही, खाजत नाही, अंगावरून जात नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला विषाणू आज सापडू शकतो. पुरुषांनाही बहुधा काहीच जाणवत नाही, त्यामुळे नवऱ्याकडून आला असेल तरी त्याला पत्ता नसेल. उलटा आळ त्याच्यावर घे, असं मी म्हणत नाही. संबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना हा कधी ना कधी होऊन जातो. पुढच्या वेळी त्याला बरोबर ने आणि त्याचा प्रश्न डॉक्टरांनाच विचारू दे. तोवर रोज रात्रीची उलटतपासणी तू सहन करायची नाहीस. गोष्ट हातघाईवर आली, तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेव.

आता कॅन्सर. एचपीव्हीचे २००हून जास्त प्रकार आहेत, त्यातले धोक्याचे मोजकेच. १६ आणि १८ नंबरचे सगळ्यात वाईट. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात. पण बहुतेकींचं शरीर दोनेक वर्षांत विषाणूला स्वतःच हुसकून लावतं. जो ठाण मांडून बसतो, त्यालाही कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर कमी. या मधल्या काळात बिघाड सापडला तर तो तिथेच थांबवता येतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली आले: एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होते. तू शिबिरात गेलीस, फार चांगलं केलंस.

पुढची पायरी बहुधा कोल्पोस्कोपी. गर्भाशयाच्या तोंडावर पातळ व्हिनेगरसारखं द्रावण लावून दुर्बिणीतून बघतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. थोडं चुरचुरतं, एवढंच. गरज पडली तर तेवढाच भाग गोठवतात, जाळतात किंवा काढतात. नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर कुणी 'पिशवी काढून टाका' म्हणालं, तर तिथून ऊठ आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. हे मी अगदी निक्षून सांगते.

मुलीला लस आत्ताच दे. ९ ते १४ हे त्यासाठी उत्तम वय. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅकही मिळते. तुझ्यातला विषाणू मात्र लसीनं जाणार नाही, म्हणून तुला तपासणीच हवी. कोल्पोस्कोपीत काही निघालं नाही तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एचपीव्ही पुन्हा तपासून घे. रिपोर्टवर १६ किंवा १८ लिहिलंय का बघ, झेरॉक्स काढून ठेव, आणि याच महिन्यातली तारीख घे.