स्कॉलरशिप देणाऱ्या संस्था गरीब मुलांच्या कॅम्प, नाटक, सहलींवर पैसे का घालवतात? तेवढ्यात आणखी दोघातिघांची फी नाही का निघणार?

प्रश्न रास्त आहे, देणगीदारांकडून तर मी तो कायम ऐकते. कधी सरळ विचारतात, कधी "नाही, कल्पना छानच आहे, पण..." अशी सुरुवात करून. मी एका छोट्या शिष्यवृत्ती ट्रस्टसाठी बरीच वर्षं व्हॉलंटियर म्हणून काम करतेय. अर्ज वाचायचे, मुलाखती घ्यायच्या आणि निवडलेल्यांपैकी काही मुलांच्या मागे कॉलेज संपेपर्यंत लागून राहायचं, असं साधारण काम. त्यामुळे माझं उत्तर थोडं एका बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

तुमच्या हिशोबात गृहीत काय धरलंय, तर गरीब मुलात आणि सुखवस्तू घरातल्या मुलात फरक आहे तो फक्त फीचा. फी भरली की दोघं एका बाकावर. बाक एकच असतो हे खरं, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टी लागल्यावर काय होतं ते बघा ना. अमेरिकेत ग्रेग डंकन आणि रिचर्ड मर्नेन या दोन अभ्यासकांनी कुटुंबांच्या खर्चाचे आकडे काढले होते, म्हणजे शाळेव्यतिरिक्तचा खर्च, खासगी शिकवण्या, संगीत, समर कॅम्प, प्रवास, पुस्तकं, कॉम्प्युटर वगैरे. २००५-०६ साली सगळ्यात वरच्या २० टक्के घरांत एका मुलामागे वर्षाला जवळपास ८,९०० डॉलर जात होते आणि सगळ्यात खालच्या २० टक्क्यांत साधारण १,३००. ७०च्या दशकाच्या सुरुवातीला हीच दरी, महागाईचा हिशोब करून, २,७०० डॉलरच्या आसपास होती, ती साडेसात हजारांवर गेली. आता गंमत अशी की वरच्या घरांमध्ये याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही, आईवडील मुलाचं करतायत एवढंच. तोच खर्च एखाद्या संस्थेने गरीब मुलावर केला की लगेच "पण याची गरज होती का?"

गरज होती का याचं एक उत्तर मला राज चेट्टी हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पेटंटवाल्या अभ्यासात सापडलं. अमेरिकेत पेटंट घेणारे लोक कुठल्या घरांतून येतात हे त्यांनी तपासलं, तर सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांची पेटंट घ्यायची शक्यता उत्पन्नाने खालच्या निम्म्या घरांतल्या मुलांच्या दहापट निघाली. तुम्ही म्हणाल हुशारीचा फरक असेल. तर तिसरीतल्या गणिताच्या मार्कांवरून त्यांनी हुशार मुलंच घेऊन बघितली, तरी दरी राहतेच. आणि ज्या भागात एखाद्या क्षेत्रातल्या स्त्री संशोधक जास्त, तिथे वाढलेल्या मुली नेमक्या त्याच क्षेत्रात जास्त दिसतात, मुलगे नाही. म्हणजे डोळ्यासमोर कोण आहे याने फरक पडतो. फी भरून डोळ्यासमोरची माणसं बदलत नाहीत हो.

अर्जाचंच सांगते. आमच्या फॉर्मवर शेवटच्या पानावर "छंद व इतर उपक्रम" असा एक रकाना आहे. फॉर्म न बघता नुसता तो रकाना बघून मी बऱ्याचदा सांगू शकते की मूल कुठल्या घरातलं आहे. काहींचा भरून समासात जातो, काहींनी आडवी रेघ मारलेली असते. एका मुलीला मी मुलाखतीत विचारलं, काहीच करत नाहीस का गं शाळेव्यतिरिक्त? तर म्हणाली नाही. मग रोजचा दिवस सांग म्हटलं, तर पहाटे उठून धाकट्या दोघांचं आवरून त्यांना शाळेत सोडते, आजीची औषधं तिच्या ताब्यात, आणि आईला वाचता येत नाही म्हणून घरात येणारं प्रत्येक सरकारी पत्र हीच वाचते, अर्ज हीच भरते, ऑफिसात जाऊन हीच बोलते. हे सगळं "उपक्रम" मध्ये बसतं असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या रकान्यात तबला, स्विमिंग, रोबोटिक्स लिहिणाऱ्याला ते घरून न सांगताच कळलेलं असतं.

असंच कॉलेजात. अँथनी जॅक नावाचे एक समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी एका मोठ्या नावाच्या अमेरिकन विद्यापीठातल्या गरीब विद्यार्थ्यांचा अभ्यास केलाय, आणि त्यांना तिथे दोन वेगळे गट दिसले. दोन्ही गरीबच, पण एका गटाला शाळेच्या वयातच स्कॉलरशिपवर चांगल्या खासगी शाळांमध्ये राहायला-वावरायला मिळालेलं, दुसरा गट साध्या शाळेतून थेट आलेला. पहिला गट प्राध्यापकाच्या केबिनमध्ये बिनधास्त जातो, रेकमेंडेशन मागतो, डेडलाइन वाढवून मागतो. दुसऱ्या गटातल्या कित्येकांना प्राध्यापक विद्यार्थ्यांसाठी म्हणून राखून ठेवतात त्या वेळेचा उपयोग काय हेच माहीत नसतं, शिवाय सारखं जाऊन बोलणं म्हणजे पुढेपुढे करणं असं वाटतं. दोघांचीही फी माफच आहे, लक्षात घ्या.

आता संस्था काय करतात यावर येते, कारण "कॅम्प, नाटक" म्हटलं की पिकनिकच डोळ्यासमोर येते.

न्यूयॉर्कमध्ये १९७८ पासून प्रेप फॉर प्रेप म्हणून एक संस्था आहे. ते मुलांना पाचवी-सहावीच्या वयात निवडतात आणि मग चौदा महिने पिळून काढतात, दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या पूर्ण आणि मधल्या वर्षात आठवड्यात एक दिवस शाळा सुटल्यावर, वर शनिवार. त्यानंतर कुठे खासगी शाळेत प्रवेश. हे कोणाला मौजमजा वाटत असेल तर एकदा त्या वयाच्या मुलाला सलग दोन उन्हाळे अभ्यासाला बसवून बघा. अमेरिकेतलंच जॅक केंट कुक फाउंडेशन सातवीच्या मुलांना घेतं आणि शाळा संपेपर्यंत प्रत्येकाला एक सल्लागार देतं, तो त्या मुलाबरोबर बसून ठरवतो की या वर्षी समर प्रोग्रॅम कुठला, वाद्य शिकायचं का, लॅपटॉप हवा का. ब्रिटनमध्ये सटन ट्रस्टने १९९७ साली ऑक्सफर्डला उन्हाळी शाळा सुरू केली, मुलं विद्यापीठात येऊन राहतात, लेक्चरला बसतात, मेसमध्ये जेवतात. एक आठवडाच, पण "हे आपल्यासाठी नाही" ही जी समजूत असते ती जागेवर जाऊन राहिल्याशिवाय जात नाही, माहितीपत्रक वाचून तर नाहीच नाही.

मला स्वतःला सगळ्यात पटलेली रीत पॉसी फाउंडेशनची. १९८९ मध्ये डेबोरा बायल यांनी सुरू केली, आणि सुरू होण्यामागचं कारणच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. हुशार, पूर्ण स्कॉलरशिप मिळालेली मुलं न्यूयॉर्कहून चांगल्या कॉलेजात जायची आणि सहा महिन्यांत सामान उचलून परत यायची. फी भरलेली असताना! त्यातला एक मुलगा म्हणाला की माझी टोळी माझ्याबरोबर असती तर मी कॉलेज सोडलंच नसतं. बस, त्यावरून त्यांनी ठरवलं की मुलं एकेकटी पाठवायचीच नाहीत, दहा-दहाचा गट करून एका कॉलेजात पाठवायचा, आणि जाण्याआधी आठ महिने दर आठवड्याला त्या गटाला एकत्र बसवायचं. भांडायला, बोलायला, लिहायला, एकमेकांना ओळखायला. पूर्ण ट्यूशन फी कॉलेज सोसतं, संस्थेचा स्वतःचा खर्च जातो तो या गटाच्या तयारीवर आणि पुढच्या सोबतीवर. त्यांची जवळपास ९० टक्के मुलं पदवी पूर्ण करतात.

म्हणून तुमचा हिशोब मी उलटा मांडते. तीन मुलांची फी भरली आणि त्यातली दोन मध्येच सोडून आली तर ती स्वस्तात पडली की महागात? वर ती दोन मुलं स्वतःला नालायक समजत घरी बसणार ते वेगळंच, त्याची नोंद कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

युजीन लँगची गोष्ट कदाचित वाचली असेल. १९८१ मध्ये हा उद्योगपती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या आपल्या जुन्या शाळेत भाषणाला गेला आणि समोर बसलेल्या सहावीच्या ६१ मुलांना म्हणाला की शाळा पूर्ण करा, कॉलेजचा खर्च माझा. पेपरात हेच छापून येतं, चेकबुकवाला भाग. पण त्याने नंतर त्या मुलांसाठी पूर्णवेळ समन्वयक नेमला, स्वतःही त्यांच्या संपर्कात राहिला, अडचण आली की मुलं त्याच्याकडे जाऊ शकत होती. अशी वर्षानुवर्षं सोबत केली म्हणून ती मुलं कॉलेजच्या दारापर्यंत पोचली, नुसतं वचन सहा वर्षं कोणाला पुरतंय.

बरं, आता दुसरी बाजू, कारण या क्षेत्रात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची सवय जरा जास्तच आहे. ९० टक्के वगैरे आकडे वाचताना लक्षात ठेवा की ही निवडून घेतलेली मुलं असतात, जिद्द असलेली, आणि त्यातली बरीच संस्था नसती तरी पुढे गेली असती. निवड बाजूला ठेवून, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काहींना कार्यक्रमात घ्यायचं आणि काहींना नाही असे गट पाडून तपासलं तर चित्र इतकं गुलाबी नाही. अमेरिकेत सरकारचा अपवर्ड बाउंड नावाचा कार्यक्रम १९६० च्या दशकापासून चालू आहे, ही धर्मादाय संस्था नाही पण काम तेच, शनिवार-रविवारचे वर्ग, उन्हाळ्यात विद्यापीठात मुक्काम. त्याचा असा काटेकोर अभ्यास झाला तेव्हा सरसकट सगळ्या मुलांच्या कॉलेजप्रवेशावर ठळक असा परिणाम दिसलाच नाही. त्या निष्कर्षावर नंतर बरीच वादावादी झाली ते सोडा, मला त्यातला एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलांना सुरुवातीला आपण पदवीपर्यंत पोचू असं वाटतच नव्हतं त्यांना फायदा चांगला झाला, ज्यांना आधीपासून खात्री होती त्यांना फारसा नाही. आणि आम्ही सगळे निवड समितीवाले कोणाला निवडतो? ज्याच्या डोळ्यात चमक आहे, जो "मला शास्त्रज्ञ व्हायचंय" असं ठणकावून सांगतो त्याला. आडव्या रेघेवाली राहते बाजूला.

आणि फालतू कार्यक्रमही असतात, त्याबद्दल तुम्ही तक्रार करत असाल तर मी तुमच्या बाजूने आहे. एक दिवस बसमधून म्युझियम, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, देणगीदाराच्या बॅनरखाली ग्रुप फोटो, "मुलांनी मनोगत व्यक्त केले", संपलं. याने मुलाला एकच गोष्ट शिकायला मिळते, आभार कसे मानायचे ती.

चांगला कार्यक्रमही कशाने फसतो माहितीये? बुटांनी. खरंच. फी संस्थेने भरली, राहणं-खाणं फुकट, तरी एक मुलगा शेवटच्या क्षणी डोंगरातल्या शिबिराला येत नाही म्हणाला, कारण काय तर "घरी काम आहे". खोदून विचारल्यावर कळलं की यादीत ट्रेकिंगचे बूट आणि स्लीपिंग बॅग लिहिली होती आणि त्याच्या घरी ती यादी वाचूनच विषय संपला होता. मागायची लाज वाटते, आणि वाटणारच. तेव्हापासून आमच्याकडे सामान आधी मापाने वाटतात, सगळ्यांनाच, ज्याच्याकडे आहे त्यालाही, म्हणजे कोणाला हात वर करावा लागत नाही. दुसरी अडचण बुडालेल्या मजुरीची. सुट्टीत मूल दोन पैसे कमावून आणत असेल किंवा धाकट्यांना सांभाळत असेल तर "मोफत शिबिर" त्या घराला मोफत पडत नाही. अपवर्ड बाउंडमध्ये विद्यार्थ्यांना छोटासा स्टायपेंड द्यायची सोय आहे ती बहुतेक याचसाठी, आणि खासगी संस्थांनी हे उचलायला हवं असं मला वाटतं, पण "शिबिराला येण्याचे पैसे देता?" म्हटलं की ट्रस्टींच्या भुवया वर.

तुमचं एका ठिकाणी शंभर टक्के बरोबर आहे. फी भरली नाही तर उद्या नाव कटणार, अशी मुलं रांगेत असतील तर आधी त्यांची फी, व्हायोलिन नंतर. याबाबत वाद नाही.

पण तुम्ही देणगी द्यायचा विचार करत असाल (प्रश्नावरून तसं वाटलं) तर संस्थेने किती मुलांना "लाभ दिला" हे विचारू नका, तो आकडा बसमध्ये माणसं भरून कोणीही वाढवू शकतो. एका मुलाबरोबर तुम्ही सलग किती वर्षं असता ते विचारा. मध्येच शिक्षण सोडलेल्या मुलांचं काय झालं ते विचारा, आणि उत्तर देताना समोरचा चाचपडला तर समजून जा. बूट, प्रवासभाडं, चष्मा असल्या बारीकसारीक खर्चाला वेगळी रक्कम आहे का, आणि ती मुलाला अर्ज न करता मिळते का, हेही विचारा. आणि एक विनंती, चेकबरोबर "फक्त फीसाठी" अशी अट लिहून पाठवू नका. आमच्याकडे फीसाठी राखून दिलेला पैसा कित्येकदा वर्षाच्या शेवटी शिल्लक पडलेला असतो आणि त्याच वेळी परगावी परीक्षेला जायच्या तिकिटासाठी आम्ही व्हॉलंटियर आपसात वर्गणी काढत असतो.