वाचकांचे प्रश्न : ‘रिक्वेस्ट’नंतर ‘फॉर’ केव्हा लिहावे?

प्रश्न : माझी मुलगी खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. गावच्या महालक्ष्मी यात्रेसाठी तीन दिवसांची रजा मागणारा अर्ज तिने इंग्रजीत लिहिला. विषयाच्या ओळीत ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ असे लिहिले होते, ते शिक्षकांनी तसेच ठेवले. खाली मजकुरात मात्र ‘आय रिक्वेस्ट फॉर थ्री डेज लीव्ह’ असे होते, त्यातल्या ‘फॉर’वर लाल शाईने काट मारली. एकाच कागदावर एकच शब्दप्रयोग वर बरोबर आणि खाली चूक, हे कसे? मुलीने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.
— एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : शिक्षकांनी दोन्ही ठिकाणी योग्य तेच केले आहे. शब्द दिसायला एकच असला तरी वरच्या ओळीत तो नाम आहे आणि खालच्या वाक्यात क्रियापद. नामाला ज्या गोष्टीशी जोडायचे ती ‘फॉर’ने जोडावी लागते, म्हणून ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ म्हणजे ‘रजेसाठीची विनंती’. क्रियापदाला असा दुवा लागत नाही. जे मागायचे ते त्याचे थेट कर्म होते, म्हणून ‘आय रिक्वेस्ट थ्री डेज लीव्ह’ एवढेच पुरते. (जाता जाता, ‘डेज’मधील शेवटच्या एसनंतर वर षष्ठीचे चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) हवे. ते बहुतेक अर्जांत राहून जाते.)

ओळखायची खूण सोपी आहे. शब्दाच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘युअर’, ‘धिस’ यांपैकी काही असेल, किंवा सहज बसत असेल, तर ते नाम समजावे आणि ‘फॉर’ लिहावे. आधी ‘आय’, ‘वुई’, ‘ही’ असा कर्ता असेल, किंवा शब्दाला ‘रिक्वेस्टेड’, ‘रिक्वेस्टिंग’ असे रूप आले असेल, तर ते बहुधा क्रियापद असते आणि तेथे ‘फॉर’ गाळावे. विषयाच्या ओळीत ‘अ’ लिहिलेला नसतो, पण मनात घालून पाहिला तर बसतो, म्हणून ते नाम.

आता ही चूक आपल्याकडे एवढी सार्वत्रिक का, हे पाहण्यासारखे आहे, कारण ती निष्काळजीपणाची चूक नव्हे. मराठी बोलताना आपण इंग्रजी क्रियापद क्रियापद म्हणून घेतच नाही. आधी त्याचे नाम करतो आणि मग त्याला ‘करणे’ जोडतो. ‘साहेबांना रिक्वेस्ट केली’ म्हणताना ‘केली’ हे स्त्रीलिंगी रूप ‘रिक्वेस्ट’मुळे येते, म्हणजे विनंतीप्रमाणे रिक्वेस्टही आपण स्त्रीलिंगी नाम करून टाकली आहे. ‘कॉन्टॅक्ट केला’, ‘व्हिजिट दिली’, ‘ऑर्डर केली’ हे सगळे त्याच साच्यातले. परिणामी कानावर सतत नामच पडते, आणि नामासोबत ‘रजेसाठी’तला ‘साठी’ येतो, तो इंग्रजीत उतरताना ‘फॉर’ होऊन येतो. कन्नडमध्येही विनंतीला ‘विनंती’ हाच शब्द चालतो आणि ‘रजेगागि’ या रूपातला शेवट आपल्या ‘साठी’चेच काम करतो. त्यामुळे बेळगाव, हुक्केरी, चिकोडी भागातल्या शाळेत मराठी तुकडीत जी चूक होते तीच शेजारच्या कन्नड तुकडीतही होते, आणि दोन्ही बाजूंना ती ऐकू येत असल्याने कोणालाच खटकत नाही. इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून वापरणाऱ्या सिंगापूर, नायजेरिया अशा देशांतही ‘रिक्वेस्ट फॉर’ क्रियापद म्हणून लिहिले जाते. प्रमाण इंग्रजीत मात्र ते अजून मान्य झालेले नाही.

दुसरे कारण खुद्द इंग्रजीत आहे. ‘आस्क फॉर लीव्ह’ आणि ‘अप्लाय फॉर लीव्ह’ हे दोन्ही अगदी शुद्ध आहेत, आणि तेथे ‘आस्क’ व ‘अप्लाय’ ही क्रियापदेच आहेत. अर्थ तोच म्हटल्यावर ‘रिक्वेस्ट’लाही ‘फॉर’ लावावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण प्रत्येक क्रियापदाची सोय वेगळी असते आणि ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

‘रिक्वेस्ट’ या क्रियापदाच्या तीन रचना मुलीला पाठ करू द्याव्यात. पहिली, क्रियापदानंतर थेट हवी असलेली वस्तू : ‘वुई रिक्वेस्ट ॲन अर्ली बस’. दुसरी, क्रियापदानंतर माणूस आणि मग ‘टू’सह कृती : ‘आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह’. अर्जात ही सर्वांत जास्त उपयोगी पडते. माणूस आणि ‘फॉर’ एकत्र करून होणारे ‘आय रिक्वेस्ट यू फॉर लीव्ह’ बऱ्याच तयार नमुन्यांत छापलेले आढळते, ते टाळावे. तिसरी रचना ‘दॅट’ची आहे आणि तिच्यात एक खोच आहे. ‘वुई रिक्वेस्ट दॅट द बस स्टॉप ॲट अवर व्हिलेज’ हे वाक्य पाहा. बस एक आहे, तरीही ‘स्टॉप्स’ झालेले नाही, कारण बस थांबते असे सांगायचे नसून ती थांबावी असे मागायचे आहे, आणि अशा ठिकाणी इंग्रजी क्रियापदाचे मूळ रूपच ठेवते. मराठीत ‘थांबते’ आणि ‘थांबावी’ यांत जो फरक आहे तोच हा. त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाला ही रचना खरे तर सर्वांत लवकर उमगावी. तिला व्याकरणातले अवघड नाव देऊन आपणच ती अवघड करून ठेवली आहे.

हाच नियम लावून आणखी काही शब्द तपासता येतील. सहलीवरील निबंधात ‘वुई व्हिजिटेड टू गोकाक फॉल्स’ हे वाक्य हमखास सापडते. ‘अवर व्हिजिट टू गोकाक फॉल्स’ हे शीर्षक शुद्ध आहे, कारण तेथे ‘व्हिजिट’ नाम आहे. वाक्यात मात्र ‘वुई व्हिजिटेड गोकाक फॉल्स’ एवढेच हवे. ‘आन्सर टू द क्वेश्चन’, पण ‘आन्सर द क्वेश्चन’. ‘अ डिमांड फॉर वॉटर’, पण ‘दे डिमांडेड वॉटर’. ‘ॲन ऑर्डर फॉर टू हंड्रेड चेअर्स’, पण मंडपवाल्याला सांगताना ‘वुई ऑर्डर्ड टू हंड्रेड चेअर्स’. ‘इन कॉन्टॅक्ट विथ मी’, पण ‘कॉन्टॅक्ट मी’. ‘डिस्कस’चे नाम वेगळ्या रूपाचे आहे, पण तऱ्हा तीच : ‘अ डिस्कशन अबाउट फीज’, आणि ‘वुई डिस्कस्ड फीज’.

मुलीच्या अर्जातील वाक्य असे होईल : ‘आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी थ्री डेज लीव्ह फॉर द महालक्ष्मी यात्रा इन अवर व्हिलेज.’ येथे पुन्हा ‘फॉर’ आलेला दिसेल, पण तो यात्रेचा आहे, रजेच्या विनंतीचा नाही. हे मुलीला मुद्दाम दाखवावे, नाहीतर लाल शाईच्या भीतीने ती तोही काढून टाकील.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस आम्ही मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत काढतो. मराठीत ‘सर्व सभासदांना विनंती करण्यात येते की’ असे असते. त्याचे इंग्रजी ‘इट इज रिक्वेस्टेड टू ऑल मेंबर्स’ असे वर्षानुवर्षे छापले जाते. यंदा एका सभासदाने ते चूक आहे असे कळवले. कोणता बदल करावा?
— पतसंस्थेचे एक कर्मचारी, निपाणी

उत्तर : सभासदाचे म्हणणे खरे आहे. मराठीत ज्याला विनंती करतो तो चतुर्थीत राहतो आणि वाक्य कर्त्यावाचून चालते. आपल्या सरकारी मराठीला तर ‘करण्यात येते’शिवाय करमत नाही. इंग्रजीत मात्र कर्मणी प्रयोग करताना ज्याला विनंती केली तोच वाक्याच्या कर्त्याच्या जागी येतो. म्हणून ‘ऑल मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू अटेंड द मीटिंग’ असे छापावे. ‘इट इज रिक्वेस्टेड दॅट ऑल मेंबर्स अटेंड’ हेही व्याकरणात बसते, पण ते उगाच जड होते.

तुमचा ‘टू’ अगदीच निराधार नाही. तो नामाचा आहे आणि चुकून क्रियापदाला चिकटला आहे. नोटिशीच्या डोक्यावर ‘अ रिक्वेस्ट टू ऑल मेंबर्स’ असे ठळक अक्षरांत घातले तर ते शुद्ध ठरेल. ताळेबंदाची प्रत मागणीनुसार मिळेल असे लिहायचे असेल तेथेही नामच लागते, आणि त्याआधी ‘ऑन’ येतो : ‘कॉपीज आर अव्हेलेबल ऑन रिक्वेस्ट’. सभासदांच्या विनंतीवरून सभेची वेळ बदलली असेल तर ‘ॲट द रिक्वेस्ट ऑफ मेंबर्स’ असे लिहावे.

नकाराच्या जागेकडे विशेष लक्ष द्यावे. लहान मुलांना आणू नये असे सुचवायचे असेल तर ‘मेंबर्स आर रिक्वेस्टेड नॉट टू ब्रिंग चिल्ड्रन’ असे लिहावे. ‘आर नॉट रिक्वेस्टेड टू ब्रिंग’ असे लिहिल्यास आणण्याची विनंती केलेली नाही, एवढाच अर्थ निघतो, आणि मग कोणी मुलांना घेऊन आले तरी त्यांना दोष देता येत नाही. आणखी एक सूचना आगाऊ वाटली तरी करतो. ‘रिक्वेस्टेड’ आल्यावर त्याच वाक्यात ‘काइंडली’ आणि ‘प्लीज’ दोन्ही घालू नयेत. विनंती एकदा केली की ती झाली.

प्रश्न : ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना एक उच्चार आणि क्रियापद असताना दुसरा, असे महाविद्यालयात शिकवले. मग ‘रिक्वेस्ट’चेही दोन उच्चार आहेत का?
— एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : नाहीत. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘इन्क्रीज’, ‘प्रोटेस्ट’ या शब्दांत नाम असताना आघात, म्हणजे जोर, पहिल्या अवयवावर (उच्चारातील पहिल्या तुकड्यावर) आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर येतो. ‘रेकॉर्ड’मध्ये तर त्यामुळे स्वरही बदलतो, क्रियापद ‘रिकॉर्ड’ असे ऐकू येते. कोगनोळी नाक्यावर दाखवायचे ते ‘पर’वर जोर असलेले परमिट, आणि गाडीला पुढे जाऊ देणे हे ‘मिट’वर जोर असलेले. परंतु हा नियम सर्व शब्दांना लागू होत नाही. ‘रिक्वेस्ट’, ‘रिपोर्ट’, ‘रिप्लाय’, ‘डिमांड’, ‘सपोर्ट’ यांत नाम असो वा क्रियापद, आघात दुसऱ्याच अवयवावर राहतो. ‘व्हिजिट’, ‘आन्सर’, ‘ऑर्डर’ यांत तो दोन्ही वेळा पहिल्यावर असतो. आपल्याकडे ‘री’ लांबवून ‘रीक्वेस्ट’ म्हणण्याची सवय आहे. त्याऐवजी ‘रि’ ऱ्हस्व ठेवून ‘क्वेस्ट’वर जोर द्यावा.

प्रश्न : ‘ॲडव्हाइस’ आणि ‘प्रॅक्टिस’ यांच्या शेवटी सी लिहावा की एस?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : आपल्या शाळांत ब्रिटिश लेखन चालते, आणि त्यानुसार नामाला सी व क्रियापदाला एस. ‘ॲडव्हाइस’मध्ये हा फरक कानालाही कळतो, कारण क्रियापदाच्या शेवटी ‘झ’सारखा घोष उच्चार येतो. ‘प्रॅक्टिस’ दोन्हीकडे सारखेच ऐकू येते, त्यामुळे घोटाळा तेथेच होतो : डॉक्टरांची प्रॅक्टिस सीने, आणि मुले कबड्डीची प्रॅक्टिस करतात तेथे, करणे ही क्रिया असल्याने, एसने. मात्र ‘दे डू प्रॅक्टिस एव्हरी डे’ असे लिहून ‘करतात’साठी वेगळा ‘डू’ घालू नये. ‘दे प्रॅक्टिस एव्हरी डे’ पुरेसे आहे. अमेरिकन लेखनात ‘प्रॅक्टिस’ दोन्ही वेळा सीने लिहितात. ‘लायसन्स’लाही हाच ब्रिटिश नियम आहे, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘ड्रायव्हिंग लायसन्स’ हे नाम सीनेच छापलेले आहे. ‘ॲडव्हाइस’चे अनेकवचन मात्र करू नये. चार जणांनी चार सल्ले दिले तरी इंग्रजीत ते ‘ॲडव्हाइस’च राहते, आणि मोजायचेच असेल तर ‘फोर पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावे लागते.