अँड्रॉइडवरच्या धावण्याच्या अ‍ॅपमध्ये फोन आडवा केला की सर्व्हिसने (स्क्रीनशिवाय मागे चालणाऱ्या भागाने) मोजलेलं अंतर स्क्रीनवर शून्य का होतं? ब्रॉडकास्ट (ऐकणाऱ्या सर्वांसाठी सोडलेला संदेश) वापरू की सर्व्हिस बाइंड करू (स्क्रीनशी थेट जोडू)?

तुमच्या धावण्याच्या अ‍ॅपसाठी मी दोन्ही वापरणार नाही.

फोन फिरवला की अँड्रॉइड सहसा जुनी अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे स्क्रीन) मोडून नवी उभी करतं. सर्व्हिस मात्र चालूच असते. म्हणजे अंतर हरवलेलं नाही, नव्या स्क्रीनपर्यंत ते पोचलेलं नाही इतकंच. ब्रॉडकास्टमध्ये हीच अडचण आहे: संदेश सुटला त्या क्षणी ऐकणारी स्क्रीन नसेल, तर तो वाया गेला. अ‍ॅपच्या आतल्या ब्रॉडकास्टसाठीचा लोकलब्रॉडकास्टमॅनेजर तर गूगलनेच डेप्रिकेट केलाय, म्हणजे तो आता वापरू नका असं सांगितलंय.

त्यापेक्षा अंतर दोघांच्याही बाहेर ठेवा. एक सिंगलटन रिपॉझिटरी (सगळ्या अ‍ॅपसाठी एकच असलेला डेटाचा साठा) करा, तिच्यात स्टेटफ्लो (बदलली की कळवणारी किंमत) ठेवा. सर्व्हिस त्यात लिहील, स्क्रीन व्ह्यूमॉडेलमार्फत (फोन फिरवला तरी टिकणाऱ्या, स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या वस्तूमार्फत) वाचेल. स्टेटफ्लोकडे शेवटची किंमत कायम असते, त्यामुळे नवी स्क्रीन उघडताक्षणी तिला ताजा आकडा मिळतो. सर्व्हिसला स्क्रीनचा पत्ताच नसावा, यावर मी ठाम आहे. अ‍ॅक्टिव्हिटीचा रेफरन्स सर्व्हिसमध्ये धरून ठेवलात की मेमरी लीक (मेमरी मोकळी न होणं) ठरलेला. उलट दिशेचं, म्हणजे स्क्रीनकडून सर्व्हिसला सांगायचं काम अगदी सोपं आहे: 'सुरू' आणि 'थांब' हे हुकूम इंटेंट या निरोपाच्या अ‍ॅक्शनमधून पाठवा, सर्व्हिसच्या ऑनस्टार्टकमांड या फंक्शनमध्ये वाचा.

बाइंड करणं चूक नाही, पण नुसती बाइंड केलेली सर्व्हिस शेवटचा क्लायंट (तिला जोडलेला भाग) सुटला की बंद होते. धावणारा फोन खिशात टाकतो, स्क्रीन बंद होते, तुम्ही ऑनस्टॉपमध्ये (स्क्रीन दिसेनाशी झाली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) अनबाइंड करता आणि मोजणी तिथेच थांबते. सर्व्हिस वेगळ्या प्रोसेसमध्ये असेल तर गोष्ट निराळी. तिथे मेमरी सामाईक नसल्याने स्टेटफ्लो चालत नाही, दोन प्रोसेसमधल्या संवादासाठी मेसेंजर किंवा एआयडीएल लागतं. तुम्हाला त्याची गरज नाही.

अँड्रॉइड ८.० पासून (२०१७) अ‍ॅप मागे गेलं की साधी सर्व्हिस थोड्याच वेळात थांबवली जाते. म्हणून ही फोरग्राउंड सर्व्हिसच (नोटिफिकेशन दाखवत चालू राहणारी) हवी: सुरू केल्यावर ५ सेकंदांत स्टार्टफोरग्राउंड बोलवा, नोटिफिकेशन दाखवा. अ‍ॅप अँड्रॉइड १४ किंवा त्यापुढच्या आवृत्तीला टार्गेट करत असेल तर मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'लोकेशन' हा प्रकारही सांगावा लागतो.

आणि हो, सर्व्हिस मुख्य (स्क्रीन हाताळणाऱ्या) थ्रेडवरच चालते. प्रोसेस मारली गेली तर स्टेटफ्लोही जातो, म्हणून जीपीएसचा प्रत्येक बिंदू रूम या डेटाबेस लायब्ररीत साठवा, पण ते लिहिणं कोरुटीनमधून, आयओ डिस्पॅचरवर करा, म्हणजे मुख्य थ्रेड अडणार नाही.